बानोच्या आवाजाच्या आठ ओळी

उदगीरच्या चौबाऱ्याकडून किल्ल्याकडं जाताना एक अरुंद बोळ लागतो. त्या बोळात पुस्तकं बांधणाऱ्या निजामोद्दीन जिल्दसाजांचं घर कुठं, असं विचारलं तर शेंबडं पोरही सांगेल. पण त्यांची मुलगी इकरा काय करते, असं विचारलं की गाडी अडते. कंप्युटरचं काहीतरी हाय, एवढं बोलून गल्ली गप्प होते. ती घरी बसून पगार घेते हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यातलं ‘घरी बसून’ हेच लोकांना जास्त खुपतं.

तिचं काम तसं सांगण्यासारखं आहे, फक्त ऐकणाऱ्याला पाच मिनिटं धीर हवा. संगणकात कागद असो, फोटो असो, नाहीतर कुणाचं बोलणं असो, गणितानं त्याचा ठसा काढता येतो. त्याला हॅश म्हणतात. वस्तू केवढीही मोठी असली तरी ठसा ठरल्या मापाचाच येतो, आणि वस्तूतला एक अनुस्वार जरी हलला तरी ठसा पार वेगळा होतो. संगणकावरची सही हीसुद्धा अशीच आकड्यांची रास असते. पण रास कुणाला वाचून दाखवता येत नाही. ती पत्रात लिहायची, कागदावर छापायची, फोनवर सांगायची, तर तिला अक्षरांत उतरवावं लागतं. त्याचेही कायदे आहेत. कुठं सोळाच चिन्हं वापरायची, शून्य ते नऊ आणि पुढं ए ते एफ. कुठं चौसष्ट वापरायची, आणि तिथं मोठा ए वेगळा, लहान ए वेगळा. कुठं शेवटाला पडताळणीची अक्षरं जोडायची, म्हणजे उतरवताना हात चुकला तर चूक तिथल्या तिथं पकडली जाते. हे सारे कायदे माणसांना कळतील असे लिहून ठेवायचे, हे इकराचं काम. पुण्याच्या एका कंपनीसाठी वरच्या खोलीत बसून ती नऊ वर्षं हेच लिहिते आहे. जग असल्या लोकांच्या लिहिण्यावर चालतं आणि त्यांचं नाव शेवटच्या पानावरही येत नाही. इकराला त्याचं काही वाटत नाही.

तिला वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तिची अम्मी, बानो, तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात गेली. सकाळी दळण निवडता निवडता छाती धरून बसली आणि दुपारपर्यंत आटोपलं. चेहरा फोटोंत आहे. दुपट्टे पेटीत आहेत. पण अम्मीचा आवाज घरात कुठंच नव्हता. कुणी फोन समोर धरला की ती तोंडाला पदर लावायची, आणि फोनवर पाठवलेली तिची दोन-चार बोलणी होती ती जुन्या फोनबरोबर गेली. पहिलं वर्ष इकराला वाटलं की आवाज काही विसरत नसतो. दुसऱ्या वर्षी तिच्या ध्यानात आलं की अम्मीचं वाक्य आठवतं, पण ते कानात उमटतं स्वतःच्याच आवाजात. याची तिला इतकी धास्ती बसली की कधी कधी कामाच्या मधेच ती डोळे मिटून ‘इकरा’ हा एक शब्द अम्मीच्या आवाजात ऐकू येतो का, ते बघायची. यायचा नाही. जीव नुसता तुटायचा.

या फेब्रुवारीत अब्बांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून बसलेला माणूस दुसऱ्यांना कामाला लावतो, हा जुनाच नियम आहे. त्यांनी इकराला हत्यारांची पेटी नीट लावायला सांगितली. आरी, सुया, दोऱ्याची रिळं, जिल्दीच्या कण्यावर सोनेरी अक्षरं उठवायचे पितळी ठसे, आणि तळाला एक खिशात मावेल एवढी वही. वहीत गिऱ्हाइकांच्या पुस्तकांची मापं होती. एका पानावर मात्र वेगळंच काही होतं. वर उर्दूत लिहिलं होतं, ‘बानो की आवाज, लातूर’. खाली मोठ्या इंग्रजी लिपीत, पितळी ठशांवर असतात तशा ठसठशीत अक्षरांत, आठ ओळी. नुसते आकडे आणि ए ते एफ.

ते पान म्हणजे ठसा आहे हे बघताक्षणी ओळखतील अशी माणसं अख्ख्या जिल्ह्यात फार तर दहा असतील. त्यातलं एक त्याच घरात होतं.

अब्बांना विचारलं तर त्यांना त्यात नवल काहीच वाटलं नाही. लातूरची एक मुलगी आली होती, सृष्टी नावाची, बायकांची बोली गोळा करणारी. बानोनं गच्चीवर बसून तिच्याशी गप्पा मारल्या. पुढं त्या मुलीनं फोन करून हे सांगितलं, आठ आठ अक्षरं करून, आणि म्हणाली की जपून ठेवा, तिथं नाव लिहिलेलं नाही, हेच नाव. बानोला इंग्रजी येत नव्हतं म्हणून त्यांनी उतरवून घेतलं. इकराला ठाऊक असेलच असं ते समजत होते. तीन वर्षं त्या घरात आवाजावाचून दोन माणसं बसली होती आणि आवाजाचा पत्ता सुयांखाली पडून होता. त्यांच्यावर रागवावं की त्यांचे हात धरावेत, हे इकराला कळेना.

तिनं आधी अक्षरं मोजली. एकाहत्तर भरली. पुन्हा मोजली. एकाहत्तरच. या जातीचा ठसा चौसष्टचा असतो, त्रेसष्टचा नसतो आणि एकाहत्तरचा तर नसतोच. या लिपीत मोठ्या-लहान अक्षरांचा फरक नसतो, म्हणून अब्बांच्या मोठ्या लिपीनं काही बिघडलं नव्हतं. पण पडताळणीची अक्षरंही नसतात. कुठं चुकलं ते ठसा स्वतः सांगत नाही. याच उणिवेवर इकरानं दोन वर्षांपूर्वी एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं.

अब्बांना तिनं जपूनच विचारलं की सात अक्षरं जास्तीची कशी झाली असतील. त्यांना ते लागलं. पन्नास वर्षं पोथ्या शिवल्या, एक पान कधी उलटं लागलं नाही. त्यांनी पट्टीआडून तोंड फिरवलं आणि एवढंच म्हणाले की जे लिहायचं तेच लिहिलंय.

मग इकरा लातूरला गेली. सृष्टी ज्याच्यासाठी बोली गोळा करायची तो बोलीसंग्रह म्हणजे गुरुपादप्पा सरांच्या घरामागच्या दोन खोल्या. सर निवृत्त प्राध्यापक, कपाळाला विभूती, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. बाराशे बायकांची बोलणी त्यांनी पदरमोड करून जमवली होती. नावगाव कुठंच नाही. प्रत्येक बोलण्याचा जो ठसा, तेच त्याचं नाव, आणि तो ज्याच्या हाती त्यालाच ते ऐकायला मिळणार. सरांनी एकाहत्तर अक्षरं एका बोटानं टंकली. पडद्यावर आलं, सापडत नाही. सृष्टीजवळही काही उरलं नव्हतं, कारण बोलणं संग्रहात जमा केलं की आपल्याकडचं सगळं पुसायचं, असा सरांचा नियम होता.

बोलणी मी एकेक करून ऐकून बघू का, असं इकरानं विचारलं. अम्मीचा आवाज कानावर पडताच ओळखीन, म्हणाली.

“ह्या बायांनी घरात न्हाई सांगितलं ते माझ्याजवळ सांगितलंय, बेटा,” सर म्हणाले. “नवऱ्याचं, सासूचं, पोटातलं. ठसा दावल्याबिगर उघडणार न्हाई, असा शब्द दिलाय मी. तुझ्या एका आईसाठी बाराशे जणींचा शब्द मोडू का?”

निदान पहिली आठ अक्षरं जुळतात का बघा, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण सुरुवातीची चार-आठ अक्षरं जुळली म्हणून ठसा जुळला असं कधीही मानू नये, हे वाक्य तिनंच लिहिलं होतं, ठळक अक्षरांत. स्वतःचाच कायदा आडवा येतो तेव्हा माणसाला भांडायलाही तोंड राहत नाही. ती चहा पिऊन परत आली.

पुढचे तीन आठवडे तिनं त्या एकाहत्तर अक्षरांचा पिच्छा पुरवला. संगणकात एका ओळीत घालून शेवटची सात गाळून बघितली, पहिली सात गाळून बघितली, जिथं सारखं अक्षर लागोपाठ आलं तिथं एक उडवून बघितलं. पण जोड्या सातच्या वर निघत होत्या आणि त्यातली खरी कुठली, खोटी कुठली, याला आधार नव्हता. सरांना फोन करून ती तीनदा नवी अक्षरं सांगून बसली. सर दर वेळी न कंटाळता टंकायचे, आणि दर वेळी हळू आवाजात न्हाई म्हणायचे.

पट्टी सुटून दिवस झाले तरी मार्चच्या सुरुवातीलाही अब्बांना बारीक दिसेना. त्यात लोह्याहून एक जण हकीम आजोबांची नुस्ख्यांची हस्तलिखित वही जिल्दीसाठी घेऊन आला. शिवण सुटून पानं मोकळी झालेली, वर पृष्ठांक नाहीत. अब्बांनी दुपारी सतरंजीवर पानं पसरली आणि इकराला हाक मारली की क्रम तू लाव, मला दिसत नाही. आकडेच नाहीत तर क्रम कसा लावू, तिनं विचारलं.

“सफे के नीचे देख, कोने में,” अब्बा म्हणाले. “एक लफ्ज अलग लिखा रहता. अगला सफा उसीच लफ्ज से शुरू होता. पन्ने आगे-पीछे नहीं होना बोलके पुराने लोगां ऐसा लिखते थे.”

इकरानं बघितलं. पानाच्या तळाला ‘सौंफ’ असा एकच शब्द एकटा उभा होता. तिनं सौंफनं सुरू होणारं पान शोधून त्याखाली ठेवलं. त्याच्या तळाला ‘सुबह’. पाच-सहा पानं अशी लागली. अब्बा नुसते आवाजावरून खूश होते आणि सहज बोलून गेले, “मैं भी तो ऐसाच लिखता. लाइन बदली तो अगली लाइन का पहला हर्फ नीचे जाने के पहलेच लिख के रखना. नहीं तो भरोसा क्या?”

इकरा हातातली पानं ठेवून वर धावली. वही उघडली. पहिल्या ओळीच्या शेवटी सी, दुसरी ओळ सीनं सुरू. दुसरीच्या शेवटी सात, तिसरी सातनं सुरू. आठ ओळींचे सात सांधे, आणि प्रत्येक सांध्यावर एक अक्षर राखणीला बसवलेलं. ज्या बापाच्या हातून चूक झाली असं ती महिनाभर धरून चालली होती, त्यानं त्या अक्षरांना पोथीच्या पानांसारखं जपलं होतं. वाट चुकवली होती ती तिनंच, आठ ओळींची एक ओळ करून. तिनं पेन्सिलीनं सात अक्षरांना गोल केले, उरलेली मोजली, चौसष्ट भरली, आणि खाली येता येता जिन्यावरच बसून रडली. पडताळणीची अक्षरं नसलेल्या लिपीला एका जिल्दसाजानं आपली पडताळणी लावली होती, आणि ती कुठल्याच पुस्तिकेत नव्हती.

दुसऱ्या दिवशी लातूरला सरांनी पुन्हा एका बोटानं चौसष्ट अक्षरं टंकली. या वेळी पडद्यावर एक चौकोन उघडला. अकरा मिनिटं, चार सेकंद. सरांनी हेडफोन तिच्या पुढं सरकवला आणि अंगणातल्या बेलाला पाणी घालायला निघून गेले.

आधी गच्चीवरचे कपडे वाऱ्यानं फडफडले. मग अम्मी खाकरली. नुसतं खाकरणं ऐकून इकरानं टेबलाची कड घट्ट धरली. तिला आठवत होता त्यापेक्षा आवाज जाड होता, थोडा घोगरा, आणि हसायला कायम तयार. हा आवाज ती विसरली होती. आता कळत होतं की किती विसरली होती.

अम्मी देवणीहून लग्न होऊन उदगीरला आल्याचं सांगत होती. चौथ्याच दिवशी स्वयंपाकघरात एका पातेल्यात पांढरं, गार, घट्ट काहीतरी दिसलं. तिला वाटलं फिरनी आहे, तांदळाच्या पिठाची खीर. तिनं वरून साखर, वेलदोडा घालून वाट्या भरल्या आणि पाहुण्यांपुढं नेल्या. ती होती जिल्दी चिकटवायची खळ, कीड लागू नये म्हणून विषारी मोरचूद घातलेली. सासूनं धावत येऊन पाहुण्यांच्या हातातल्या वाट्या हिसकावल्या. तेव्हापासून चौतीस वर्षं घरातली खळ मीच शिजवते, अम्मी म्हणत होती, दुसऱ्या कुणावर माझा भरोसा नाही. ही गोष्ट इकरानं कधीच ऐकली नव्हती. ती मोठ्यानं हसली आणि बाहेर सरांनी पाणी घालायचं थांबवलं.

मग अम्मी जरा थांबली. आवाज खाली आला. “और एक बात है,” ती म्हणाली. “ये मैं आज तक किसीकू नहीं बताई. इनकू भी नहीं.”

तेवढ्यात खालून, लांबून, एक हाक आली. अम्मी, मेरा चार्जर किधर रखे? अम्मी गप्प झाली. सृष्टी म्हणाली, बोला ना मावशी. खालून पुन्हा हाक आली, आता वैतागलेली, की सुनाई नहीं देता क्या, मीटिंग है मेरी. अम्मी हसली. “मेरी बच्ची बुला रई,” ती म्हणाली. “बाकी का कल बताती.” चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला आणि रेकॉर्डिंग संपलं.

इकराला तो दिवस आठवतसुद्धा नव्हता. असले दिवस शेकड्यांनी होते. सरांनी सांगितलं की दुसऱ्या दिवशी सृष्टीला परीक्षेसाठी लातूरला परतावं लागलं. पुढं तिनं दोनदा फोन केला तर बानो बाद में, बाद में म्हणाली, आणि डिसेंबरात गेलीच. दुसरं बोलणं नाही. सरांनी फाइल तिच्या फोनमध्ये घालून दिली आणि डोक्यावर हात ठेवला.

परतीच्या बसमध्ये नळेगाव येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग तिनं फोन काढला, फाइलची एक प्रत केली आणि शेवटचं मिनिट कापून टाकलं. ‘और एक बात है’ च्या आधी, खळीच्या गोष्टीवर बोलणं संपलं. ऐकायला अगदी पुरं वाटत होतं. अब्बांना ‘इनकू भी नहीं’ ऐकावं लागणार नव्हतं, आणि मुलीनं हाक मारून काय घालवलं तेही. सवयीनं तिनं कापलेल्या प्रतीचा ठसा काढला. चौसष्ट अक्षरं आली, वहीतल्या आठ ओळींशी काहीही नातं नसलेली. असंच होतं हे नऊ वर्षं लोकांना समजावून सांगणारी बाई त्या अक्षरांकडं परक्यासारखी बघत बसली.

घरी अब्बा धुतलेला सदरा घालून तयार बसले होते. चहाही त्यांनीच टाकला होता, साखर जास्त झालेली. इकराच्या फोनवर दोन्ही फाइली एकाखाली एक होत्या. तिचं बोट कापलेलीवर गेलं. समोर तिपाईवर ती वही होती. या माणसानं एक अक्षर निसटू नये म्हणून सात अक्षरं जास्तीची लिहिली होती. त्याला आपण कापलेलं देणार, या विचारानं तिचं तिलाच शरमल्यासारखं झालं. तिनं अख्खी फाइल लावली.

खाकरणं ऐकून अब्बांनी डोळे मिटले. फिरनीपाशी ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. ‘इनकू भी नहीं’ ला त्यांची मान किंचित हलली, आणि मग हाक आली, पुन्हा हाक आली, चपला खाली गेल्या.

“और कलका?” त्यांनी विचारलं.

“कलका नहीं है, अब्बा,” इकरा म्हणाली. “मैं बुला ली थी ना उनकू.”

अब्बांनी वही उघडून त्या आठ ओळींवरून बोट फिरवलं. बाहेर कुणीतरी दुचाकी चालू करत होतं आणि ती होत नव्हती. मग त्यांनी तिच्याकडं बघितलं, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच इतकं नीट.

“तेरेकू चार्जर मिला था क्या?”

तिला खरंच आठवत नव्हतं. पण त्या घरात कुठलीही वस्तू अम्मी खाली आली की सापडायचीच.

“मिला होगा,” ती म्हणाली. “अम्मी उतर के आए थे ना.”

अब्बांनी मान हलवली, चहाचा कप बाजूला ठेवला आणि पुन्हा लाव म्हणाले, पहिल्यापासून, तुझी हाकही येऊ दे. इकरानं पुन्हा लावलं.